एक तास पस्तीस मिनिटं

तिकीटवाल्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा पिवळा ठसा उठला, तेव्हा दुकानात तिघं होती आणि तिघांनाही आधी वाटलं की करपल्याचा वास बाहेरून कुठून तरी येतोय. कारण एकतीस वर्षांत काकूंच्या हाताखाली कापड करपलं नव्हतं. रेशीम नाही, लोकर नाही, हात लावताच आक्रसणारं ते नवं नायलॉनही नाही. इस्त्री किती तापली हे त्या गालाजवळ धरून सांगत आणि त्यांचा गाल कधी चुकत नसे. आज चूक झाली असेल तर ती तिकीटवाल्याचीच. गरम इस्त्री हातात असलेल्या बाईला असल्या बातम्या सांगायच्या नसतात, एवढी अक्कल काउंटरला रेलून दात काढणाऱ्या माणसाला असायला हवी होती.

"गुरुवारपासून थेट विमान, काकू," तो म्हणाला होता. "तुमच्या थोरलीच्या पठारावरून उठलं की सरळ तुमच्या धाकट्याच्या बेटावर. मधे इकडे यायला नको, इथे ताटकळायला नको. सहाशे बारा किलोमीटर, एक तास पस्तीस मिनिटं. दर गुरुवारी एक. आहे की नाही गोड बातमी?"

"काकू, वास," घडीवाली म्हणाली.

घडीवाली म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल यांच्या घड्या घालणारी. काकूंच्याच वयाची, वीस वर्षं याच लॉन्ड्रीत, आणि काकूंना उलट बोलायची परवानगी असलेली जगातली एकमेव बाई. परवानगी तिला कुणी दिली नव्हती, तिनं घेतली होती.

काकूंनी इस्त्री उचलली, ठशाकडे पाहिलं आणि शर्टाची बाही त्यावर अशी टाकली, जणू उघड्या अंगावर पांघरूण घातलं. "जुनाच झाला होता," त्या म्हणाल्या.

"मागच्या महिन्यात घेतलाय."

"मग कापड वाईट. फसवलं तुला. उद्या ये, तुझ्या मापाचा दुसरा बघते. आणि काय म्हणालास? किती मिनिटं?"

तिकीटवाल्याचं दुकान समोरच्या फुटपाथवर होतं, काचेवर विमानाचं चित्र, आत एक टेबल, एक संगणक आणि तो. नऊ वर्षं काकूंच्या पोरांची तिकिटं तोच काढत होता, म्हणून घरच्यासारखं बोलण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटे. थोरली पठारावरच्या विमानतळावर हवामानाच्या नोंदी घ्यायची. रोज दोनदा पांढरा फुगा आकाशात सोडायचा आणि तो वर जाऊन काय सांगतो ते लिहून घ्यायचं. काकूंना हे काम काही केल्या कामासारखं वाटत नसे. फुगे काय कुणीही सोडेल. धाकटा बेटावरच्या विमानतळावर आगीच्या बंबावर. नऊ वर्षांत आग एकदाच लागली होती आणि तीही बंबालाच. उरलेला वेळ तो धावपट्टीवर आलेल्या शेळ्या हाकायचा. दोन्ही विमानतळ असे, की ज्या दिवशी विमान येतं त्या दिवशी गावातले लोक बघायला जातात. दोन्हीकडून निघालेलं विमान एकाच ठिकाणी यायचं, या शहरात, म्हणजे काकूंकडे. थोरलीकडून दोन तास वीस मिनिटं, धाकट्याकडून दोन तास पन्नास. बहिणीला भावाकडे जायचं तर आधी आईकडे यायचं, एक मुक्काम करायचा, मग पुढे. देवाची नाही तर निदान विमान कंपनीची तरी तशी आज्ञा होती, आणि ती काकूंना मनापासून मान्य होती.

पण गंमत अशी की नऊ वर्षांत बहीण भावाकडे गेली नव्हती आणि भाऊ बहिणीकडे. थोरली यायची झाडांना पालवी फुटायच्या सुमारास, धाकटा यायचा पानं झडायला लागली की. दोघं एकदम कधीच नाही. विचारलं तर रजा मिळत नाही, बदली माणूस नाही, फुगा कोण सोडणार, शेळ्या कोण हाकणार. काकू ऐकून घेत. त्यांना कारण ठाऊक होतं. ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. म्हणजे कानांसमोर, कारण डोळ्यांसमोर तेव्हा एक ओली दुहेरी चादर होती.

नवरा जाऊन महिना झाला होता. शांत माणूस, बॉयलर सांभाळायचा आणि स्वतः मात्र कधी वाफ बाहेर सोडायचा नाही. तो गेल्यावर मागच्या अंगणात काकू एकट्याच चादरी वाळत घालत होत्या. इस्पितळाच्या चादरी, चाळीस दोऱ्यांवर चाळीस भिंती. त्या भिंतींच्या पलीकडे पोरं भांडत होती. दोघांच्याही नोकरीची पत्रं एकाच आठवड्यात आली होती. तू थांब. का, मीच का? काम तुला येतं म्हणून. आणि तू मुलगा आहेस ते? आवाज चढत गेले, आणि मग एक शब्द आला. सरळ सांग ना, आईचं ओझं तुला नको आहे. कुणी म्हटला तो, हे काकूंना आजही नक्की सांगता येत नाही. रागात दोघांचा आवाज एकसारखा व्हायचा, बापासारखा जाडा आणि आईसारखा कर्कश. काकू चादरीआड उभ्या राहिल्या. हातातल्या पिळातून पाणी ठिबकत होतं. ओझं. वीस-वीस किलोचे ओले बोळे एका झटक्यात दोरीवर फेकणाऱ्या बाईला तो शब्द कसा उचलावा ते कळेना. पलीकडे एकदम चिडीचूप झालं. मग त्या खाकरल्या, मोठ्यानं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोघंही निघा. माझं दुकान मी कुणाच्या उपकारावर चालवत नाही." दोघंही निघाली, चार दिवसांच्या अंतरानं. थोरलीची टॅक्सी दुकानापासून उजवीकडे वळली. धाकट्याची डावीकडे.

आता खरी गोष्ट अशी, की धाकटा गेला त्या दिवशी उजवीकडचा रस्ता नळासाठी खणलेला होता. विमानतळ एकच, रस्ता एकच, टॅक्सी वळसा घालून त्याच रस्त्याला लागली असणार. पण माणसाच्या डोक्यात एकदा जे बसतं ते बसतं. काकूंची शाळा तिसरीत सुटली होती. आकडे त्यांना झोपेतही वाचता येत, अक्षरं जरा लावून वाचावी लागत, आणि नकाशा नावाची वस्तू त्यांनी फार तर टेबलक्लॉथवर छापलेली पाहिली होती. तेव्हापासून थोरली उजवीकडे आणि धाकटा डावीकडे. फोनवर थोरलीशी बोलताना त्या उजव्या दाराकडे तोंड करत, धाकट्याशी बोलताना डाव्या. सकाळी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या की एक पोर ह्या हाताला, एक त्या हाताला, आणि मधे आपण, असं त्यांना इतकं स्पष्ट जाणवे की खांद्यांना दोन्हीकडून सारखाच ताण बसे. दोघं जण चादर धरतात तशी. सोडली की घडी विसकटते. नऊ वर्षं त्यांनी सोडली नव्हती.

"एक तासात कसं होईल?" त्या तिकीटवाल्याला म्हणाल्या. "ती तिकडे, तो इकडे. मधे आख्खं शहर आहे. आम्ही आहोत."

"काकू, तुम्ही मधे नाही आहात," तिकीटवाला म्हणाला, आणि कपडे बांधायच्या तपकिरी कागदाचा तुकडा ओढून त्यानं त्यावर तीन ठिपके दिले. एक खाली, कोपऱ्यात. दोन वर, एकमेकांपासून चार बोटांवर. "हे आपण. ही थोरली. हा धाकटा. दोघं एकाच बाजूला आहेत की. आपणच एका टोकाला."

काकूंनी कागद उलटा करून पाहिला. उलटा केला तर खालचा ठिपका वर गेला, एवढंच. मधे काही आला नाही.

"चित्र चुकलंय," त्या म्हणाल्या.

"चित्र कसं चुकेल?"

"मग एवढी वर्षं तू त्यांना इकडे कशाला आणत होतास, वाकडी वाट करून?"

"मी कुठे आणतोय! विमानच इकडे येत होतं."

"म्हणजे नाइलाज होता म्हणून येत होती," काकू म्हणाल्या, आणि हे आपण मोठ्यानं बोललो हे कळल्यावर त्यांनी घडीवालीला उगीचच झापलं की अभ्र्यांच्या कडा जुळत नाहीत.

त्या दिवशी अंगाला सगळंच नवं लागत होतं. टेबल तेच, खालची घोंगडी तीच, पाण्याचं भांडं तेच, पण उजवीकडे पाहिलं तर तिथं नुसतं दार होतं आणि डावीकडे पाहिलं तर नुसतं दुसरं दार. जिना चढताना एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकावा आणि तो जमिनीवर आपटावा, तसा धक्का बसत होता, पुन्हा पुन्हा. आणि खरं सांगायचं तर ठिपक्यांचं दुःख वरवरचं होतं. त्याखाली जे होतं त्यानं काकूंच्या तळहाताला घाम सुटला होता, आणि इस्त्रीवालीच्या तळहाताला घाम ही काही चांगली गोष्ट नव्हे.

त्याचं असं होतं. लॉन्ड्रीत मागच्या भिंतीला एक मांडणी होती, न नेलेल्या कपड्यांची. माणसं कपडे टाकतात आणि विसरतात, गाव सोडतात, जाड होतात, मरतात. भिंतीवर पाटी होती, वर्षभरात न नेल्यास दुकान जबाबदार नाही. काकू दोन वर्षं वाट बघत, वर आणखी एक हिवाळा. मग त्यातला एखादा चांगला कोट, एखादी शाल, एखादा स्वेटर काढायच्या, पुन्हा धुवायच्या, गळ्याच्या आतली लॉन्ड्रीच्या नंबराची चिंधी इतक्या हलक्या हातानं उसवायच्या की सुतालाही कळू नये, आणि पार्सल बांधायच्या. थोरलीला पाठवताना फोनवर सांगायच्या, "धाकट्यानं पाठवलंय गं तुझ्यासाठी. मागच्या खेपेला इथे ठेवून गेला होता, ताईला थंडी सोसत नाही म्हणाला." धाकट्याला पाठवताना, "ताईनं घेतलंय. तुला सांगू नको म्हणाली होती, पण मला कुठलं राहवतंय." नऊ वर्षं, वर्षाला दोन तिकडे आणि दोन इकडे. एकदा रंगात येऊन त्यांनी थोरलीच्या तोंडी आख्खं वाक्य घातलं होतं, "तेव्हा मी जरा जास्तच बोलले, त्याला म्हणावं मनात ठेवू नकोस." धाकटा फोनवर म्हणाला, "बरं." काकूंनी तो "बरं" आठवडाभर मिरवला होता. एवढं नाजूक रफू त्यांनी आयुष्यात कुठल्या कापडावर केलं नव्हतं. त्या खुशीत असत. आपल्यावाचून यांचं अडतं, ही खुशी त्यात किती आणि पोरांचं जुळतंय ही किती, हे त्यांनी कधी वेगळं करून पाहिलं नाही. कशाला पाहायचं, घडी छान बसली होती.

आता ती दोघं समोरासमोर बसणार. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणणार, तो निळा कोट छान होता हं. कुठला निळा कोट? झालं. नऊ वर्षांची शिवण एका टोकाला धरून ओढली की सर्र. आणि मग काय उरणार? तोच शब्द, जिथे ठेवला होता तिथेच. वर परतीचं विमान पुढच्या गुरुवारी. सात दिवस ती दोघं त्या बेटावर, शेळ्यांच्या सोबतीनं, आणि आई दोन तास पन्नास मिनिटं लांब, खोटारडी ठरलेली.

मंगळवारी थोरलीचा फोन आला. काकूंनी सवयीनं उजव्या दाराकडे तोंड केलं, मग आठवलं, मग कुठे तोंड करावं ते सुचेना म्हणून छताकडे पाहत बोलल्या.

"आई, गुरुवारी मी त्याच्याकडे जातेय. पहिल्याच विमानानं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? भाऊ आहे माझा."

"नाही, म्हणजे... पहिलंच विमान आहे. थोडं जुनं होऊ दे. रुळू दे."

"आई, विमान आहे, चप्पल नाही." आणि ती हसली. हसणं बापाचं होतं, अर्ध्यात थांबणारं.

आता सांगावं का हिला? जीभ टाळूला लावून काकू उभ्या राहिल्या. अगं, ते स्वेटर, त्या शाली. एवढंच तर म्हणायचं. पण माफी मागायची म्हणजे आधी मान खाली घालायची, आणि काकूंची मान इस्त्रीशिवाय कशासाठी खाली जायची शिकलेलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "गरम कपडे ने." आणि मग जीभ चावली, कारण गरम कपडे म्हटलं की तेच कपडे.

घडीवालीला सगळं ठाऊक होतं. पार्सलांचे दोरे तीच बांधायची. बुधवारी चादरीची दोन टोकं हातात धरून ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं काय तोंड पाडून बसलाय? मारतील का तुम्हाला?"

"तुला काय कळतंय! माझ्यावरचा विश्वास जाईल त्यांचा."

"होता का?"

"तू चादर धर."

"धरलीय. तुम्हीच सोडलीय."

खरंच, काकूंच्या हातात टोक नव्हतं. चादर जमिनीवर लोळत होती. ती परत धुवायला टाकावी लागली.

गुरुवारी विमान दहा वाजून वीस मिनिटांनी सुटणार होतं. काकूंनी हिशेब केला. त्यांचा एक शर्ट साडेतीन मिनिटांत होतो: गळा, खांदे, बाह्या, पुढचे दोन पदर, पाठ. म्हणजे पस्तीस आणि साठ, सगळी मिळून सत्तावीस शर्टांची वाट. दहा वीसला त्यांनी पहिला शर्ट टेबलावर घेतला आणि मनात म्हटलं, उठलं. तिसऱ्या शर्टाला विमान ढगांवर गेलं असेल. पाचव्याला थोरली खिडकीशी बसून ढगांची नावं घेत असेल, तिला सगळ्यांची नावं ठाऊक होती. लहानपणी दोऱ्यांखाली उताणी पडून ती आकाशाला बोट दाखवायची, हा पाऊस आणणार, हा नुसता बढाया मारतोय. अंदाज चुकला की चादरी भिजायच्या आणि तिला धपाटा बसायचा, म्हणून तिनं चुकणं सोडून दिलं. धाकटा तिथंच बादलीत बसलेला असायचा, बादली म्हणजे बंब, आणि तोंडानं घंटा वाजवत तो थोरलीची आग विझवायला यायचा. फुगे काय कुणीही सोडेल, असं आपण म्हणतो खरं; काकूंची इस्त्री अकराव्या शर्टाच्या खांद्यावरून वळली आणि त्यांना एकदम वाटलं, ही दोघं इथलंच काहीतरी घेऊन गेलीत. एवढ्या लांब जाऊन त्यांनी काय मांडलं, तर एकीनं आकाश आणि एकानं बादली. माझंच अंगण आहे ते. या विचारानं त्यांना इतकं हलकं वाटलं की बाराव्या शर्टाची कॉलर दोनदा झाली. पण तेराव्याला परत ती भीती, गरम पाण्याची पिशवी फुटावी तशी. पंधरावा. अठरावा. विसाव्या शर्टाला बटण नव्हतं. ते लावत बसलं तर विमान हवेत लटकेल, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकून एकविसावा घेतला. घडीवाली मधून मधून बोटं मोजत होती आणि काही बोलत नव्हती, ही तिच्या मानानं फार मोठी माया होती. सत्ताविसाव्या शर्टाची पाठ काकूंनी इतकी हळू केली की इस्त्री सरकतेय की नाही ते कळू नये. मग त्यांनी इस्त्री उभी ठेवली. अकरा पंचावन्न. उतरलं.

फोन आला चाळीस मिनिटांनी. दोघंही एकदम, एकमेकांच्या बोलण्यात बोलत. मागे वारा इतका, की बेट उडून जातंय असं वाटावं.

"आई," धाकटा म्हणाला, "तू मला बायकांचा कोट का पाठवलास?"

काकूंनी घडीवालीकडे पाहिलं. घडीवालीनं छताकडे पाहिलं.

"कुठला कोट? ताईनं..."

"बटणं उलट्या बाजूला आहेत. दोन हिवाळे घातला मी. बंबावरचे सगळे मला वहिनी म्हणतात."

"वारा अडतो की नाही?" काकू म्हणाल्या. तोंड त्यांच्या आधी धावलं.

पलीकडे हशा पिकला. थोरली हसत हसतच म्हणाली, "आई, तू चिंधी उसवतेस, पण सुईची भोकं राहतात ना. तुझ्या हाताखाली दहा वर्षं चिंध्या लावल्यात मी. कुठलाही कपडा हातात आला की आधी गळ्यात बघते. पहिल्याच शालीला कळलं होतं."

"मलापण," धाकटा म्हणाला. "पहिल्याच."

काकू स्टुलावर बसल्या. दुकान चालू असताना त्या बसल्याचं घडीवालीनं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी? आम्ही तर रोज बोलतो."

आणि मग जे कळलं ते काकूंना दोनदा विचारून घ्यावं लागलं. ते दोन विमानतळ एकमेकांना सर्वांत जवळचे. एकाकडे धुकं असलं, वारं असलं, विमान उतरता येईना, तर ते दुसरीकडे वळवायचं, असा नियम. म्हणून विमान असो वा नसो, रोज सकाळी ह्यानं त्याला फोन करून विचारायचं, तुमच्याकडे आकाश कसं आहे. पठारावर सांगणारी थोरली. बेटाच्या विमानतळावर सगळी मिळून चार माणसं, फोन कोण घेणार, तर जो उठलेला असेल तो. आणि उठलेला धाकटाच. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांचा आवाज ओळखला आणि एक अक्षर जास्त बोलली नाहीत. वारा किती. ढग किती उंच. दिसतंय किती लांबवर. धन्यवाद. असं वर्षभर. मग एके दिवशी ढगांनंतर धाकट्यानं विचारलं, "तुला पण शाल आली का?"

"आठ वर्षं," काकू म्हणाल्या. "आठ वर्षं तुम्ही रोज बोलताय. आणि इथे मी तुमची मनं जुळवायला वाक्यं पाठ करतेय."

"ती वाक्यं फार छान असतात, आई," थोरली म्हणाली. "आम्ही लिहून ठेवलीत."

"मेल्यांनो! मग दोघं मिळून एकदा यायला काय झालं होतं?"

हशा कुठे गेला कळलं नाही. मग थोरली, वेगळ्याच आवाजात, "आई, त्या दिवशी अंगणात... तू चादरीमागे होतीस."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चादरीखालून तुझे पाय दिसत होते," धाकटा म्हणाला. "म्हणून तर आम्ही गप्प झालो. तू खाकरायच्या आधीच. तू ऐकलंस हे आम्हाला ठाऊक होतं. एकटं आलं की चालतं, काहीतरी बोलत राहता येतं. दोघं मिळून तुझ्यासमोर बसायचं म्हटलं की तो शब्द येऊन मधे बसणार."

तर मधे तो बसला होता. नऊ वर्षं काकूंना वाटलं मधे आपण आहोत, दोन्ही टोकं धरून. आणि पोरं रोज सकाळी वारा-ढग करून, आईला काही न सांगता, तिच्याच तोंडाला घाबरून लांब राहिली.

"कोण म्हटलं होतं रे ते?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी," धाकटा म्हणाला, त्याच क्षणी.

"एकानं कबूल करा."

"खरंच आठवत नाही, आई. आम्हीपण खूपदा बोललोय यावर."

काकूंनी पदरानं नाक पुसलं, जरा जोरातच. "ऐका," त्या म्हणाल्या. "ओली दुहेरी चादर आहे ना, ती उचलायची म्हणून ओझं असते. दोरीवर पडली की वाऱ्यावर कशी उडते बघितलंय ना? मग. मी कधीची दोरीवर आहे. वेड्यांनो." आणि पोरं भावुक होऊ नयेत म्हणून लगेच, "तो कोट परत पाठव. वहिनी म्हणे."

"कोट नेत नाही कुणी. तूच ये," धाकटा म्हणाला. "मी रजा घेतो, ताईपण घेईल. तू आधी एकाकडे ये, मग तिघं मिळून दुसऱ्याकडे जाऊ."

"मी? आणि दुकान?"

"मी आहे," घडीवाली म्हणाली. फोनवर सगळं ऐकू येत होतं, आणि नसतं आलं तरी तिनं ऐकलं असतं.

"तू चाळीस शर्ट जाळशील."

"तुम्ही एक जाळलाच आहे."

दुपारी काकू रस्ता ओलांडून तिकीटवाल्याकडे गेल्या. त्याच्या अंगात नवा शर्ट होता, म्हणजे मांडणीवरचा, खांद्याला जरा उतरता. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं बराच वेळ बटणं दाबली आणि म्हणाला, "जाताना पठारावरूनच जावं लागेल, काकू. इथून बेटावर जाणारं विमान त्या आठवड्यात भरलंय. म्हणजे आधी थोरली, मग धाकटा. चालेल?"

काकूंच्या कपाळावर आठी पडली. चालेल काय, चालेल! आधी कुणाकडे, हा काय असातसा प्रश्न आहे? आईनं आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाय ठेवायचा, आणि तो पहिला एकीच्या दारात. दुसरा काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवील. आपलीच पोरं आहेत. त्यांनी तिकीट घेतलं, नीट चौकोनी घडी घातली, आणि तिथंच उभ्या राहून आधी धाकट्याचा फोन लावला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "ताई म्हणत होती, आईला आधी तुझ्याकडेच बोलव, तुझा हक्क जास्त. मीच म्हटलं, विमान नाही, काय करणार. पण हट्ट धरून बसली होती हो, रडायला आली अगदी." फोन ठेवून त्यांनी थोरलीचा लावला. "अगं, धाकटा म्हणाला, आधी ताईकडे जा, ती थोरली आहे, मान तिचा. मला सांगू नको म्हणाला होता, पण मला कुठलं राहवतंय."

तिकीटवाला आ वासून बघत होता. "काकू, ती दोघं आत्ता एकाच घरात आहेत ना? शेजारी शेजारी बसली असतील."

"असू देत की," काकू म्हणाल्या. "एकमेकांना सांगतील. आठवडा काढायचाय तिथे. वारा आणि ढगांवर किती बोलणार!"